नऊ धावा, तीस धावा, अठ्ठेचाळीस धावा

महाराष्ट्राच्या क्रिकेट संघाच्या इतिहासातले अविस्मरणीय क्षण कोणते, असे विचारले की जाणत्या माणसाच्या तोंडून तीन आकडे येतात. भाऊसाहेब निंबाळकरांच्या नाबाद ४४३, स्वप्निल गुगळे आणि अंकित बावणे यांची ५९४ धावांची अभंग भागीदारी, आणि ऋतुराज गायकवाडचे एका षटकातले सात षटकार. तिन्ही आकडे खरे आहेत, तिन्ही थक्क करणारे आहेत. पण ज्या सामन्यांत ते घडले त्यांचे पुढे काय झाले, हे त्याच माणसाला विचारावे. पहिल्या सामन्यात समोरचा संघ मैदान सोडून गेला. दुसरा सामना अनिर्णित राहिला. तिसरा जिंकला, पण ज्या स्पर्धेत ते षटकार गेले तिचा अंतिम सामना चारच दिवसांनी महाराष्ट्र हरला. म्हणजे संघाच्या आठवणींच्या पेटीत जे सर्वांत जपून ठेवले आहे, त्यातल्या एकाही वस्तूला करंडकाचा स्पर्श नाही. हा योगायोग नाही, असे या लेखाचे म्हणणे आहे. आपण काय लक्षात ठेवतो यावरून आपण काय घडवले नाही हे कळते, आणि महाराष्ट्राच्या बाबतीत ते फारच उघड दिसते.

आधी ‘महाराष्ट्र’ म्हणजे कोण, ते स्पष्ट करायला हवे. क्रिकेटचा महाराष्ट्र राज्याच्या नकाशाएवढा नाही. मुंबई आणि तिच्या आसपासचा पट्टा वेगळा, विदर्भ वेगळा. उरलेला मुलूख, म्हणजे पश्चिम महाराष्ट्र, खानदेश, कोकणाचा बराच भाग आणि सगळा मराठवाडा, पुण्यात कार्यालय असलेल्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे येतो. बीड जिल्ह्यातल्या माजलगावातला पोरगा चांगला खेळू लागला की त्याची वाट बीडच्या जिल्हा संघावरून पुण्याला जाते. त्यामुळे हा संघ आपला आहे, निदान कागदावर तरी. कागदावर म्हणण्याचे कारण असे की १९३४-३५ मध्ये रणजी स्पर्धा सुरू झाली तेव्हा माजलगाव निजामाच्या राज्यात होते. त्या हिशेबाने १९३७-३८ मध्ये हैदराबादने रणजी करंडक जिंकला तो ‘आपल्या’ संघाचा पहिला विजय म्हणायला हरकत नाही. मात्र तो विजय आपला म्हणून कोणी कधी मिरवलेला नाही.

निजामाची राजवट १७ सप्टेंबर १९४८ रोजी संपली. त्यानंतर बरोबर तीन महिन्यांनी, डिसेंबरच्या मध्यावर, पुणे क्लबच्या मैदानावर महाराष्ट्र आणि काठियावाड यांचा रणजी सामना झाला. काठियावाडने २३८ धावा केल्या. उत्तरादाखल महाराष्ट्राने ४ बाद ८२६ धावा कुटल्या. त्यात कोल्हापूरच्या निंबाळकरांच्या नाबाद ४४३ होत्या, ४९ चौकार आणि एक षटकार. कमल भांडारकरांनी २०५ केल्या आणि दोघांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावा जोडल्या. प्रथम श्रेणीतला सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्येचा विक्रम तेव्हा डॉन ब्रॅडमनच्या नावावर होता, १९३० मधल्या नाबाद ४५२. निंबाळकर त्यापासून नऊ धावा दूर होते. खेळ थांबलेल्या विश्रांतीत काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी डाव घोषित करण्याची मागणी केली. ती मान्य झाली नाही तेव्हा त्यांनी सामना सोडून दिला आणि संघ घेऊन ते निघून गेले. विक्रम राहिला. निंबाळकर पुढे एकही कसोटी खेळले नाहीत. २०१२ च्या डिसेंबरात ते वारले तेव्हाही त्या ४४३ हीच प्रथम श्रेणीतली भारतीयाची सर्वोच्च खेळी होती, आणि आजही आहे.

ही कथा सांगताना आपण नेहमी ठाकोरसाहेबांना खलनायक करतो. ते एका अर्थी बरोबरच आहे. हरणाऱ्याने मैदान सोडू नये. पण या कथेत एक गोष्ट कोणी विचारत नाही. आघाडी ५८८ धावांची झाली होती. सामना जिंकायला आणखी किती धावा लागत होत्या? एकही नाही. लागत होते ते काठियावाडचे दहा बळी. संघाचे काम केव्हाच संपले होते आणि एका माणसाच्या विक्रमासाठी खेळ चालू होता. विक्रमासाठी खेळणे हे पाप नव्हे. नऊ धावांसाठी दोन-तीन षटके कोणीही दिली असती. तरीही संघाच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला क्षण हा संघाच्या विजयाशी संबंध नसलेला क्षण आहे, एवढे मान्य करावेच लागते.

त्याच मोसमात, त्याच पुण्यात, जे पुढे घडले ते जवळजवळ कोणाला आठवत नाही, आणि माझ्या मते या संघाला समजून घ्यायचे तर ते ४४३ पेक्षा जास्त उपयोगी आहे. मार्च १९४९ मध्ये उपांत्य सामन्यात मुंबई पुण्यात आली. मुंबईने ६५१ केल्या, महाराष्ट्राने ४०७. मुंबईने दुसऱ्या डावात ८ बाद ७१४ वर डाव घोषित केला, महाराष्ट्राने उत्तरादाखल ६०४ केल्या. एकूण २३७६ धावा. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यातला हा जागतिक विक्रम आजही उभा आहे. नऊ शतके झाली. महाराष्ट्राच्या रेगेंनी दोन्ही डावांत शतक ठोकले. आणि महाराष्ट्र ३५४ धावांनी हरला. चौथ्या डावात सहाशे धावा करून हरणे ही केवढी चमत्कारिक गोष्ट! आता यावर कोणी म्हणेल की पुण्याची खेळपट्टीच पाटा होती, तिच्यावर काढलेल्या धावांना मोल काय? म्हणजे ४४३ लाही मोल काय? या आक्षेपात अर्धे तथ्य आहे. खेळपट्टी पाटा असेल तर ती दोन्ही संघांना पाटा असते. तिच्यावर धावा सगळेच करतात. सामना तो जिंकतो ज्याच्याकडे वीस बळी घेणारे हात असतात. मुंबईकडे ते होते. म्हणून खेळपट्टीचा आक्षेप निंबाळकरांना लहान करत नाही, उलट संघाच्या दुखण्याकडे बोट दाखवतो. आठवणी फलंदाजांच्या राहतात आणि करंडक गोलंदाज आणतात. महाराष्ट्राने पहिली गोष्ट भरपूर केली.

दोन करंडक महाराष्ट्राकडे आहेत. पहिला १९३९-४० चा. अंतिम सामन्यात संयुक्त प्रांताला दहा गडी राखून हरवले. दुसरा लगेच पुढच्या वर्षीचा. मद्रासला जाऊन मद्रासला सहा गडी राखून हरवले. कर्णधार दोन्ही वेळा प्राध्यापक दि. ब. देवधर, संस्कृत शिकवणारा माणूस. दुसऱ्या मोसमात मुंबईविरुद्ध त्यांनी २४६ काढल्या तेव्हा त्यांचे वय ४८ होते. त्याआधीच्या मोसमात सांगलीच्या विजय हजाऱ्यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ केल्या, रणजीतले पहिले त्रिशतक. सलग दोन वर्षे अजिंक्य राहणारा हा संघ होता, आणि त्या अजिंक्यपदाबद्दल आज कोणाला विचारले तर देवधरांचे वय आणि हजाऱ्यांचे त्रिशतक एवढेच हाती लागते. अंतिम सामन्यांत बळी कोणी घेतले, शेवटची धाव कोणी काढली, हे माहीत असलेला माणूस शोधून काढावा लागेल. विजयाचीसुद्धा आठवण आपण वैयक्तिक आकड्यांतच ठेवली.

हजारे मात्र थांबले नाहीत. ते बडोद्याकडे गेले. तो काळ संस्थानिकांच्या आश्रयाचा होता. होळकर, बडोदा, नवानगर, देवास यांच्याकडे खेळाडूला नोकरी मिळे, हुद्दा मिळे, महिन्याचा पगार मिळे. भारतातले खरे व्यावसायिक क्रिकेट तिथे सुरू झाले, आजच्या लिलावांच्या साठ-सत्तर वर्षे आधी. पुण्याचा संघ प्राध्यापकांचा, कारकुनांचा आणि कॉलेजच्या पोरांचा. त्याच्याकडे देण्यासारखे काही नव्हते. निंबाळकरसुद्धा महाराष्ट्राचेच राहिले नाहीत. होळकर संघाकडून खेळले, रेल्वेकडून खेळले. हजाऱ्यांनी बडोद्याकडून १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात गुल महंमदबरोबर ५७७ धावांची भागीदारी केली. स्वतः २८८, गुल ३१९. इथे माझ्या म्हणण्याला एक उलटे उदाहरण भेटते: हा विक्रम करंडकासकट आला. पण त्या सामन्यात होळकरांचा संघ आधीच २०२ मध्ये गुंडाळला गेला होता. भागीदारी प्रचंड होती खरी. विजयाचा दरवाजा मात्र गोलंदाजांनी आधीच उघडून ठेवला होता.

खेळाडू जाण्याची ही वाट पुढे बुजली नाही. चंदू बोर्डे पुण्याचे. सुरुवात बडोद्याकडून केली, सुदैवाने परत आले. झहीर खान श्रीरामपूरचा. बडोद्याकडून उभा राहिला आणि २०००-०१ च्या अंतिम सामन्यात त्यानेच बडोद्याला करंडक जिंकून दिला, मग मुंबईला गेला. हृषीकेश कानिटकर, ढाक्यात १९९८ मध्ये पाकिस्तानविरुद्ध विजयी चौकार मारणारा पुण्याचा मुलगा, कर्णधार म्हणून रणजी करंडक उंचावला तो राजस्थानसाठी, २०१०-११ मध्ये आणि पुन्हा पुढच्या वर्षी. सोलापूरच्या किरण नवगिरेने महिलांच्या स्पर्धेत नाबाद १६२ ठोकल्या त्या नागालँडसाठी. आणि बीडचा संजय बांगर. महाराष्ट्राच्या आणि मुंबईच्या कुमार संघांतून खेळला, पण मोठ्या क्रिकेटचे दार उघडले रेल्वेने, १९९३-९४ मध्ये. रेल्वेची नोकरी म्हणजे पोट, रजा आणि खेळायला संघ, तिन्ही एका ठिकाणी. रेल्वेने २००१-०२ आणि २००४-०५ मध्ये रणजी करंडक जिंकला तेव्हा त्या संघात बीडचा माणूस होता. ज्या जिल्ह्यातून दर दिवाळीनंतर ऊसतोडीला कोयता घेऊन, मुकादमाची उचल फेडायला माणसे बाहेर पडतात, त्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. इथल्या हाताचे काम दुसऱ्याच्या फडात दिसते.

यावर रास्त आक्षेप असा, की खेळाडू सगळ्यांचेच जातात. मुंबईचा वसीम जाफर विदर्भाकडे गेला, कर्नाटकचा करुण नायर विदर्भाकडे गेला. विदर्भ तर बाहेरून माणसे घेऊनच मोठा झाला. मग जाण्यायेण्याला दोष का द्यायचा? बरोबर. दोष जाण्याला नाहीच. फरक असा की मुंबईतून एक गेला तर त्याच्या जागी तिघे उभे असतात, आणि विदर्भाने बाहेरचे घेतले ते मोजके, रिकाम्या जागा भरण्यापुरते. महाराष्ट्राने मात्र अनेकदा असे खेळाडू गमावले ज्यांच्याभोवती संघ बांधता आला असता. आणि ते गेल्याची बोचही लागली नाही. हे शेवटचे मला जास्त गंभीर वाटते.

अमेरिकेतल्या बेसबॉलचे एक उदाहरण इथे कामाचे आहे. बॉस्टनच्या रेड सॉक्स संघाने १९१८ नंतर थेट २००४ मध्ये अजिंक्यपद मिळवले, ८६ वर्षे. शिकागोचा कब्स संघ १९०८ नंतर २०१६ मध्ये जिंकला, १०८ वर्षे. त्या शहरांत ही प्रतीक्षा घराघरांत मोजली गेली. आजोबा नातवाला सांगत, अमुक साली अमुकाच्या हातून चेंडू सुटला म्हणून आपण हरलो. पराभवसुद्धा वारशाने मिळे. महाराष्ट्राची प्रतीक्षा १९४१ पासूनची आहे, ऐंशी वर्षे केव्हाच उलटली. ती कोण मोजते? पुण्यातही नाही, नाशकातही नाही, माजलगावात तर नाहीच. कारण सोपे आहे. बॉस्टनच्या संघाला एक शहर आहे. या संघाला वीसेक जिल्हे आहेत, म्हणून एकही नाही. रणजीचे सामने आठवड्याच्या मधल्या दिवसांत, बहुधा रिकाम्या कठड्यांसमोर होतात. २०१२ पासून गहुंज्याला मोठे स्टेडियम आहे, ते भरते आंतरराष्ट्रीय आणि आयपीएलच्या सामन्यांना. ज्याचे दुःख कोणी मोजत नाही, त्या संघावर जिंकण्याचा दबाव तरी कोण टाकणार?

अंतिम सामने हरल्याचे प्रसंग कमी नाहीत. १९७०-७१ चा सर्वांत झोंबणारा. मुंबईचे गावसकर, वाडेकर, सरदेसाई, सोलकर वेस्ट इंडीजला गेलेले. सुधीर नाईक नावाच्या तरुणाकडे कर्णधारपद. समोर बोर्ड्यांचा महाराष्ट्र. इतकी चांगली संधी पुन्हा मिळणार नव्हती, आणि महाराष्ट्र ४८ धावांनी हरला. या पराभवाला मी गोलंदाजांचा पराभव म्हणणार नाही. शेवटच्या डावात धावा कमी पडल्या त्या फलंदाजांच्याच, आणि इथे माझे सूत्र थोडे लंगडे पडते. तरी एक गोष्ट राहतेच: मुंबईची दुसरी फळीसुद्धा जिंकायला शिकलेली होती. १९९२-९३ मध्ये लुधियान्यात पंजाबने हरवले. पंजाबचा तो आजवरचा एकमेव करंडक. पुढचा अंतिम सामना यायला एकवीस वर्षे गेली.

तो २०१३-१४ चा मोसम, आणि माझ्या मते या संघाच्या स्वातंत्र्योत्तर इतिहासातला खरा अविस्मरणीय क्षण त्यातच आहे. त्याला कोणी ४४३ च्या शेजारी बसवत नाही, म्हणून जरा तपशिलात सांगतो. जानेवारी २०१४, वानखेडे, उपउपांत्य सामना. मुंबई गतविजेती, चाळीस करंडकांची धनी. मुंबईने पहिल्या डावात ४०२ केल्या, महाराष्ट्र २८० वर आटोपला. बाद फेरीत पहिल्या डावाची आघाडी पुरते, त्यामुळे मुंबईला फक्त वेळ काढायचा होता. महाराष्ट्राला जिंकल्याशिवाय गत्यंतर नव्हते. तिथे महाराष्ट्राच्या गोलंदाजांनी मुंबईला १२९ मध्ये संपवले. १२२ ची पिछाडी असलेला संघ दीड-दोन सत्रांत सामना असा फिरवतो, तेव्हा ते एकट्याचे काम नसते. दोन्ही टोकांकडून दाब लागतो, झेल पकडावे लागतात, क्षेत्ररक्षणात एकेक धाव अडवावी लागते. मग २५२ चे लक्ष्य. दोन गडी गमावून ते पूर्ण झाले. केदार जाधव नाबाद १२०, आणि दुसऱ्या टोकाला जालन्याचा विजय झोल, वय १९, नाबाद ९१. झोलला शतक मिळाले नाही, आणि त्याचे दुःख कोणाला झाल्याचे ऐकिवात नाही, कारण सामना संपला होता. पुढे इंदूरला उपांत्य सामन्यात समद फल्लाहने बंगालला ११४ मध्ये उखडले आणि महाराष्ट्र दहा गडी राखून जिंकला. हैदराबादला अंतिम सामन्यात कर्नाटकाने मात्र सात गडी राखून हरवले. केदारने त्या मोसमात १,२२३ धावा आणि सहा शतके काढली. हा आकडा लोकांना आठवतो. मुंबईच्या १२९ आठवत नाहीत.

ज्या झोलच्या ९१ धावा विसरल्या गेल्या, त्याच्याच नाबाद ४५१ मात्र ध्यानात आहेत. २०११ मध्ये कूचबिहार करंडकात, एकोणीस वर्षांखालील स्पर्धेत, आसामविरुद्ध त्याने त्या काढल्या होत्या. दोन्ही खेळी एकाच मुलाच्या. एकीने आकडेवारीचे पुस्तक बदलले, दुसरीने चाळीस वेळा जिंकलेल्या मुंबईला घरच्या मैदानावर स्पर्धेबाहेर काढले. आठवण निवडताना आपण पुस्तकाच्या बाजूने उभे राहिलो.

ऑक्टोबर २०१६ मध्ये पुन्हा वानखेडेच, यावेळी त्रयस्थ मैदान म्हणून, दिल्लीविरुद्ध. २ बाद ४१ वरून गुगळे आणि पैठणकडचा बावणे खेळत राहिले ते २ बाद ६३५ पर्यंत. गुगळे नाबाद ३५१, बावणे नाबाद २५८. सत्तर वर्षांपूर्वी हजारे आणि गुल महंमद यांनी केलेला ५७७ चा रणजी विक्रम मोडला. महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाचा विक्रम महाराष्ट्रानेच परत आणला, यात एक सुखद वर्तुळ आहे. संगकारा आणि जयवर्धने यांचा ६२४ चा जागतिक विक्रम तीस धावांवर होता आणि कर्णधार गुगळ्यांनी डाव घोषित केला. लोक हळहळले. मला हा निर्णय या संघाच्या इतिहासातला फार शहाणा निर्णय वाटतो. १९४८ मध्ये जे झाले त्याच्या नेमके उलट: कर्णधार स्वतः खेळपट्टीवर, विक्रम हाताच्या अंतरावर, आणि त्याने बॅट खाली ठेवली. फळ काय मिळाले? दिल्लीने ५९० केल्या, ऋषभ पंतच्या ३०८. सामना अनिर्णित, पहिल्या डावाची आघाडी महाराष्ट्राला. पुन्हा तीच गोष्ट. फलंदाज निःस्वार्थ झाले तरी वीस बळी कुठून आणायचे, हा प्रश्न जागच्या जागी.

२०२२ च्या विजय हजारे करंडकात हे सगळे एका आठवड्यात दिसले. २८ नोव्हेंबरला अहमदाबादेत उत्तर प्रदेशविरुद्ध ऋतुराजने नाबाद २२०, त्यात शिवा सिंगच्या एका षटकात, नोबॉल धरून, सात षटकार आणि ४३ धावा. त्याच सामन्यात तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकरने पाच बळी घेतले. ते किती जणांना आठवतात? उपांत्य सामन्यात ऋतुराजच्या १६८. अंतिम सामन्यात, २ डिसेंबरला, १०८. तीन सामने, तीन शतके. आणि सौराष्ट्राचा शेल्डन जॅक्सन नाबाद १३३ करून सामना घेऊन गेला. ज्या स्पर्धेला महाराष्ट्राच्या हजाऱ्यांचे नाव आहे, तिचा अंतिम सामना महाराष्ट्र असा हरला. देवधरांच्याही नावाने देशात स्पर्धा भरवली गेली. स्पर्धांना नावे देण्यात आपण बरेच पुढे आहोत. अगदीच काही हाती नाही असे नव्हे. २००९-१० मध्ये सय्यद मुश्ताक अली करंडक महाराष्ट्राने जिंकला होता. त्याचीही आठवण निघत नाही, कारण त्यात पाठ करण्यासारखा आकडा नाही.

मुख्य आक्षेप अजून उरला आहे. क्रिकेट हा मुळातच वैयक्तिक आकड्यांचा खेळ आहे. बॅट एकाच्याच हातात असते. मुंबईसुद्धा मर्चंट, गावसकर, तेंडुलकर यांनाच आठवते. मग महाराष्ट्रालाच का दोष? हे मान्य करूनही शेजारच्या विदर्भाकडे पाहावे. १९५७-५८ पासून रणजी खेळणारा, साठ वर्षे कोणाच्या खिजगणतीत नसलेला संघ. २०१७-१८ मध्ये इंदूरला दिल्लीला हरवून तो जिंकला. अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीची हॅट्ट्रिक. पुढच्या वर्षी नागपुरात सौराष्ट्राविरुद्ध आदित्य सरवटेचे अकरा बळी, दोन्ही डावांत चेतेश्वर पुजाराची शिकार त्यानेच केली. २०२४-२५ मध्ये तिसरा करंडक, त्या मोसमात हर्ष दुबेचे ६९ बळी, एका रणजी मोसमातला विक्रम. विदर्भाच्या आठवणी गोलंदाजांच्या आहेत, आणि करंडक तीन आहेत. मुंबईला गावसकर आठवतात हे खरे, पण मुंबईने आठवणीबरोबर बेचाळीस करंडकही ठेवले आहेत. तिला निवड करावी लागली नाही. महाराष्ट्राकडे उत्तम गोलंदाज नव्हते असेही नाही. लेगस्पिनर सदू शिंद्यांनी १९५१ मध्ये दिल्लीच्या कसोटीत इंग्लंडचे सहा बळी ९१ धावांत घेतले. सत्तरच्या दशकात पांडुरंग साळगावकर वेगाने चेंडू टाकत होता आणि त्याला कसोटी मिळाली नाही. औरंगाबादच्या इक्बाल सिद्दिकीला एकच मिळाली, मोहालीची. ही नावे आठवणींच्या यादीत वर आली असती, तर त्यांच्यामागे येणाऱ्या पोरांना आपणही बॉलर व्हावे असे वाटले असते. गल्लीतले पोर ज्याची गोष्ट ऐकते, तेच व्हायला बघते.

आठवणीने करंडक मिळत नाही, हे मलाही ठाऊक आहे. खेळपट्ट्या, प्रशिक्षक, जिल्ह्याजिल्ह्यातली मैदाने, निवड समितीची नजर या गोष्टी आधी. पैशाचा प्रश्न तर बराच सुटला आहे: २०२१ पासून चाळीसहून अधिक सामने खेळलेल्या रणजी खेळाडूला दिवसाला ६०,००० रुपये मिळतात, नवख्यालाही ४०,०००. बांगरला रेल्वे गाठावी लागली तसे आज लागू नये. २०२३ पासून महाराष्ट्र प्रीमियर लीग आहे, तीत सुरुवातीला मराठवाड्याच्या नावाने छत्रपती संभाजी किंग्ज हा संघ होता. पण या सगळ्यात कोणता खेळ मोठा मानायचा, हे ठरवणारी नजर आठवणीतूनच तयार होते. बांगरने २००२ मध्ये हेडिंग्लेला सलामीला येऊन २३६ चेंडू खेळून ६८ धावा केल्या, द्रविडबरोबर १७० ची भागी केली, आणि भारत एक डाव राखून जिंकला. ओल्या, ढगाळ सकाळी नवा चेंडू अंगावर घेणारी ती खेळी. बीडच्या माणसाने मारलेले शतक असते तर त्याचे फलक लागले असते. २०२४ च्या फेब्रुवारीत बीडच्याच सचिन धसने बेनोनीला एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, २४५ च्या लक्ष्यापुढे ४ बाद ३२ अशी दशा असताना, ९५ चेंडूंत ९६ केल्या. शतक चार धावांनी हुकले. भारत दोन गडी राखून जिंकला. या जिल्ह्याने दोन वेळा देशाला जे दिले ते असे आहे: शतकाविना, सामना जिंकून.

म्हणून यादी नव्याने मांडायची तर माझ्या यादीत पहिला क्रमांक वानखेडेवरच्या त्या १२९ चा लागेल, दुसरा १९४१ च्या मद्रासचा, तिसरा गुगळ्यांनी डाव सोडला त्या क्षणाचा. निंबाळकरांच्या ४४३ चौथ्या. खेळी म्हणून ती पहिलीच आहे, वादच नाही. पण प्रश्न संघाच्या क्षणांचा आहे, आणि त्या दिवशी संघाने जिंकायचे सोडून वाट पाहिली. तेव्हा पुणे क्लबवरून निघून गेलेला काठियावाडचा संघ पुढे सौराष्ट्र झाला. त्याने २०१९-२० मध्ये रणजी करंडक जिंकला, २०२२-२३ मध्ये पुन्हा जिंकला. सौराष्ट्राच्या नावावर आज दोन रणजी करंडक आहेत. महाराष्ट्राच्याही दोनच.